पाहुण्यांना दिलेला गोलरक्षक

सहार विमानतळावर तपासणीच्या माणसानं माझी बॅग उघडली, आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा आत बघितलं. वर चकल्यांचा डबा होता. त्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. डब्याखाली माकडटोप्या होत्या. तपकिरी, निळ्या, मेंदी रंगाच्या. मिरजेच्या बाजारात मिळाल्या तेवढ्या सगळ्या मी उचलल्या होत्या.

"बाई, कुठं निघालात?"

"बहारीनला."

"तिथं ऊन किती असतं, कल्पना आहे का?"

"आहे की. पण मी बर्फ बघायला चालले आहे."

त्यानं पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली, "अरे सावंत, इकडं ये. या बाई बहारीनला बर्फ बघायला चालल्यात!" सावंत आले, त्यांनी एक माकडटोपी उलटीपालटी केली, आत हात घालून बघितला. सोनंबिनं काही निघेना. शेवटी दोघांना दोन-दोन चकल्या दिल्या तेव्हा बॅग बंद झाली. टोप्या कशासाठी ते मी सांगितलं असतं, पण ऐकून त्यांनी मला विमानात नव्हे, दवाखान्यात पाठवलं असतं.

तुम्हाला मात्र सांगते. मी मिरजेच्या मुलींच्या हायस्कुलात इतिहास शिकवते. आम्ही दोघीच बहिणी. धाकटी सुधा लग्नानंतर पुण्याला गेली आणि तिथून नवऱ्यामागं बहारीनला. तिचे यजमान माधवराव तिथल्या कॉलेजात रेफ्रिजरेशन शिकवतात, म्हणजे थंड करण्याची विद्या. गेली कित्येक वर्षं "पुढच्या वर्षी परत येतो" असं दोघं म्हणतात. आई-वडील गेल्यापासून मी घरात एकटी, तेव्हा या "पुढच्या वर्षी"ची वाट माझ्याइतकी कुणीच बघितली नसेल.

त्या उन्हाळ्यात सुधाचा फोन आला. माधवरावांची कॉलेजात बर्फावरच्या हॉकीची टीम होती. कॉलेज आता विद्यापीठात गेलं होतं, आणि विद्यापीठाची समिती टीम बंद करायच्या बेतात होती. दिवाळीत एक सामना होणार, तो बघून काय ते ठरणार. आणि माधवराव रागानं म्हणाले होते, "टीम बंद झाली तर मी इथं एक महिनासुद्धा राहणार नाही. राजीनामा देऊन घरी जाऊ." हे ऐकून मी काय केलं असेल? लगेच पासपोर्टचा अर्ज केला. सामना हरायचा, टीम बंद पडायची, आणि बहिणीला बरोबरच घेऊन यायचं, असा सरळ हिशेब होता. गणपतीला नारळही बोलले.

टोप्या सुधानंच मागवल्या होत्या. बर्फाच्या शेडमध्ये प्रेक्षक दहा मिनिटांत कुडकुडून पळतात आणि रिकाम्या बाकांसमोर समिती काय बघणार, म्हणून.

बहारीनला उतरले तेव्हा संध्याकाळ होती, तरी विमानाच्या दारात भट्टी उघडल्यासारखी झळ आली. माधवराव आणि सुधा घ्यायला आले होते. "प्रवास कसा झाला?" हे विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "अक्का, टोप्या किती आणल्यात?" झिंज नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत मी बहारीनचं काही बघितलंच नाही. खिडकीबाहेर खजुरीची झाडं, दिवे, समुद्राची एक पट्टी असं काहीबाही जात होतं आणि माधवराव एका हातानं गाडी हाकत दुसऱ्या हातानं टीमचा इतिहास सांगत होते. सुधा मागून म्हणत होती, "अहो, दोन्ही हात चाकावर ठेवा." इतिहास मी बावीस वर्षं शिकवते आहे, पण इतक्या तळमळीनं सांगितलेला पहिल्यांदा ऐकला.

तो असा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी माधवरावांच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा होती. सलमाबादला, म्हणजे जिथं सगळी गोदामं आणि गॅरेजं आहेत तिथं, कॉलेजची एक शेड होती. तिच्या जमिनीत नळ्या टाकून पोरांनी बर्फ गोठवायचा आणि पास व्हायचं. बर्फ नुसता गोठला नाही, तर असा गोठला की आरशासारखा. परीक्षा झाली, दुसऱ्या दिवशी तो वितळवायचा होता. तेवढ्यात डग्लस नावाचे कॅनडाचे एक मास्तर, इंग्रजी शिकवणारे, काही कामानं शेडमध्ये आले. बर्फ बघून ते गुडघ्यावर बसले. त्यावर हात फिरवला. आणि सुधाच्या शब्दांत सांगायचं तर, "बाप्या माणूस ढसाढसा रडला गं!"

मग कसला बर्फ वितळतोय! डग्लससाहेबांनी घरी कळवून काठ्या मागवल्या आणि जुने स्केट्स मागवले, म्हणजे तळाला पातं असलेले बूट. बूट सगळे त्यांच्या भावाचे आणि भावाच्या मित्रांचे, राक्षसासारखे मोठे. त्यामुळं टीमची निवड पायाच्या मापावर झाली. ज्याच्या पायात बूट बसेल तो खेळाडू. बहारीनची पोरं, केरळची पोरं, आपली वसईची पोरं, सगळी मोठ्या पायांची.

"आणि सामने कुणाशी खेळायचे?" मी विचारलं.

माधवरावांनी आता दोन्ही हात चाकावर ठेवले. "आपसातच," ते म्हणाले. "अर्धे कॉम्प्रेसर आणि अर्धे कंडेन्सर."

म्हणजे गेली इतकी वर्षं ही टीम दर गुरुवारी स्वतःशीच खेळत होती, कधी हरत होती, कधी जिंकत होती. डग्लससाहेब केव्हाच घरी परतले, पण टीम राहिली आणि माधवराव तिचे मॅनेजर झाले. समितीनं हेच तर विचारलं होतं, की जी टीम कधी कुणाशी खेळलीच नाही तिला टीम का म्हणायचं? मला समितीचं म्हणणं फार आवडलं. पण आता सौदीला जोडणारा समुद्रावरचा पूल झाला होता, आणि पलीकडं एका तेल कंपनीतल्या गोऱ्या लोकांची टीम होती. तीच खेळायला येणार होती.

दुसऱ्या दिवशी शेड बघायला गेले. बाहेर आपल्या एप्रिलसारखं ऊन, पत्रे तापलेले, रस्त्यावर ट्रक. दार उघडून आत गेले आणि अगं बाई! दात वाजायला लागले. समोर एवढं मोठं पांढरं अंगण आणि त्यावर दहा-पंधरा पोरं काठ्या घेऊन सुसाट सुटलेली. एक काळी रबराची चकती, तिच्यामागं सगळे. जासिम नावाचा कप्तान माझ्यासमोर येऊन कर्रकन थांबला आणि म्हणाला, "वेलकम, खाला!" (खाला म्हणजे मावशी.) मी त्याला आशीर्वाद द्यायला एक पाऊल पुढं टाकलं. ते पाऊल बर्फावर पडलं. पुढं काय झालं ते विचारू नका. नऊवारीतल्या बायका झिम्म्यात पडतात तशी मी पाचवारीत पडले आणि पडल्या जागी न थांबता पार दुसऱ्या टोकापर्यंत गेले. माधवराव काठावरून ओरडत राहिले, "अक्का, ब्रेक लावा!" ते स्वतः मात्र बर्फावर पाऊल ठेवत नाहीत. "मी कशाला?" म्हणाले, "मी घसरेन ना!"

शुक्रवारी सुट्टी. सगळे झल्लाकला गेलो, पश्चिमेच्या किनाऱ्यावर. समुद्र कसला, परातीतलं पाणी. लांबवर चालत गेले तरी गुडघ्याच्या वर येईना. चपला हातात घ्यायला विसरले, त्यातली एक वाळूत रुतून राहिली ती राहिलीच. तिथं फिलोमिनाबाई भेटल्या. वसईच्या, दवाखान्यात नर्स, हात असे की एका थापेत माणूस बरा व्हावा. त्यांचा विल्फ्रेड टीमचा गोलरक्षक. त्यांनी हमूर तळून आणला होता आणि मी "नको, नको" म्हणत तीन तुकडे खाल्ले. इतका गोड मासा आमच्या कृष्णेतही नाही.

"आमचा विल्फ्या बाय, लहानपणापासून दारातच उभा," फिलोमिनाबाई सांगत होत्या. "मी मारायला धावले की दार अडवून उभा. एक फटका आत जाऊ देईल तर शपथ!"

त्या पाणी आणायला गेल्या तेव्हा मी सुधाला धरलं. "काय गं, तुला परत यायचंय की नाही? टोप्या काय मागवतेस, लोकांच्या घरोघरी जाऊन सामन्याला या म्हणतेस काय! तूच जर टीम वाचवलीस तर मिरजेला कोण येणार?"

सुधा वाळूत बोटं खुपसत बसली. "यायचंय गं अक्का. रोज यायचं असतं. पण ह्यांनी हरून यायला नको."

मला तिचा राग आला. एवढी शिकलेली बाई आणि सरळ गोष्ट कळत नाही! घरी यायचं ते यायचं. हरून काय आणि जिंकून काय, विमान एकच असतं.

पण बहीण राबते म्हटल्यावर मी काय हातावर हात धरून बसणार? राजधानीत, मनाम्याच्या बाजारात तिच्याबरोबर शाली शोधत फिरले. एका म्हाताऱ्या दुकानदाराकडं मी लोकरीचं काही आहे का विचारलं. तो म्हणाला, "मफी, मफी," (नाही, नाही) आणि मग काळजीनं विचारलं, "ताप आहे का?" त्यानं आम्हाला आत बसवून चहा पाजला आणि शेवटी स्वतःच्या खांद्यावरची जाड शाल काढून दिली. पैसे घेईना. सामन्याला या म्हटलं तर तोही यायला तयार.

आणि सामन्याचा दिवस उजाडला. काय गर्दी म्हणता! बहारीनमधलं यच्चयावत मराठी माणूस सुधानं गोळा केलं होतं. इंजिनियर, बँकवाले, हिशेबनीस, नर्सा, त्यांची इंग्रजीत भांडणारी पोरं. सगळे माकडटोप्या घालून रांगेत बसलेले. माकडटोपीत माणसाचं नुसतं नाक दिसतं, त्यामुळं कोण कुणाचा नवरा ते कळेना. एक बाई बराच वेळ शेजारच्याला दटावत होत्या, तो भलताच निघाला. सुधा चकल्यांचं ताट घेऊन रांगांमधून फिरत होती, लग्नघरातल्यासारखी.

म्हणतात ना, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पाहुण्यांच्या दोन गाड्या निघाल्या होत्या, एक पोचली. दुसरी पुलावर कागदपत्रांत अडकली आणि त्या गाडीत त्यांचा गोलरक्षक. एका बाजूला सहा जण लागतात. आले पाच, आणि गोलात उभं राहायला कुणी नाही. पाहुण्यांचा पुढारी, लाल शर्टातला धिप्पाड गोरा, म्हणाला, माफ करा, आम्ही परत जातो.

मी मनातल्या मनात गणपतीला दुसरा नारळ बोलले.

माधवराव म्हणाले, "थांबा. आम्ही देतो गोलरक्षक."

ते ठीक होतं. आपल्याकडं भजनाला टाळकरी कमी पडला तर पलीकडच्या गल्लीतून आणतातच. टीममध्ये दोन गोलरक्षक होते. एक विल्फ्रेड, आणि दुसरा एक चष्मेवाला पोरगा, ज्याला चकती समोर आली की शिंक यायची. सगळ्यांना वाटलं चष्मेवाला देतील. माधवरावांनी विल्फ्रेडला दिला.

"अहो!" सुधा ताट घेऊन तशीच उभी राहिली. "त्याला कशाला?"

"मग कुणाला देऊ?" माधवराव म्हणाले. "पाहुण्यांना काय फुटका कप द्यायचा?"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! जासिमनं कपाळाला हात लावला. विल्फ्रेडनं मुकाट्यानं तोंडावर मुखवटा चढवला, वर पाहुण्यांचा लाल शर्ट घातला आणि पलीकडं जाऊन उभा राहिला. फिलोमिनाबाई मला म्हणाल्या, "आता मी कुणाच्या नावानं ओरडू?" आणि उठून थेट त्याच्या गोलामागच्या काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

खेळ सुरू झाला. गोरे पाचच, बदलीला माणूस नाही, धापा टाकत होते. आमची पोरं मात्र वाऱ्यासारखी. जासिम चकती घेऊन जायचा, मारायचा, विल्फ्रेड अडवायचा. दुसरा मारायचा, विल्फ्रेड अडवायचा. अडवणार नाही तर काय! कोण डावीकडं बघून उजवीकडं मारतो, कोण मारण्याआधी जीभ बाहेर काढतो, हे सगळं त्याला दर गुरुवारचं पाठ. इकडं आमच्या गोलात चष्मेवाला शिंकला आणि पहिला गोल झाला. थोड्या वेळानं तो पुन्हा शिंकला.

मराठी प्रेक्षकांचा धीर सुटला. माकडटोप्यांतून आवाज यायला लागले, "विल्फ्या, एक सोड रे! एकच सोड! कुणाला कळणार नाही!"

काचेपाशी फिलोमिनाबाई गर्रकन वळल्या. "कोण बोलला रे तो?" आणि मग पोराकडं बघून गरजल्या, "विल्फ्या, सोडलास तर घरी येऊ नको!"

अशात समितीचे अध्यक्ष आले. मोठी माणसं उशिरा यायचीच. डॉक्टर खलील, पांढरा शुभ्र झगा, पांढरी दाढी. सुधानं त्यांना माझ्या शेजारी बसवायचं आधीच ठरवलं होतं, कारण त्यांना मुंबईची हिंदी येत होती आणि मला कुणाची भीड नव्हती. त्यांनी माझ्याकडून माकडटोपी घेतली, ती डोक्यावरच्या पांढऱ्या रुमालावर कशी बसवायची ते बघितलं आणि मांडीवर ठेवून दिली. मग खेळ बघत राहिले.

"वो उनका गोलकीपर देखा?" शेवटी ते म्हणाले. "क्या लड़का है! इतने साल हमने बर्फ बनाया, बिजली जलाई. ऐसा एक लड़का बनाया क्या? एक भी?" त्यांनी मान हलवली. "खलास." (संपलं.) आणि ते उठायला लागले.

मला घाम फुटला, त्या थंडीत. सगळं माझ्या मनासारखं होत होतं! काही करायचंच नव्हतं. तोंडात एक चकली घालून गप्प बसायचं होतं, बस. फिलोमिनाबाई लांब काचेपाशी, माधवराव खाली, सुधा शेवटच्या रांगेत. सांगणारं कुणी नव्हतं. पुढच्या महिन्यात सुधा मिरजेला. सकाळचा चहा दोघींचा. मी देवाची शपथ घेऊन सांगते, मी गप्प बसणारच होते.

तेवढ्यात खाली लक्ष गेलं. आमची टीम हरत होती आणि माधवराव काठावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. लाल शर्टातल्या विल्फ्रेडसाठी! त्यानं काय तो जासिमचा फटका अडवला होता आणि हा माणूस नाचत होता. ज्याच्यामुळं आपली टीम बुडते त्याच्या नावानं नाचणारा मॅनेजर मी जन्मात बघितला नव्हता.

"अहो, बसा खाली!" मी ओरडले. आधी मराठीतच ओरडले. मग हिंदीत. "वो लड़का उनका नहीं है! हमारा है! हमारा मतलब आपका है. उनका गोलकीपर पुल पे अटक गया, तो हमने दिया."

डॉक्टर खलील अर्धे उठलेले तसेच थांबले. "आपने दिया? अपना अच्छावाला?"

"फिर क्या खराबवाला देते?" मला इतका राग आला होता की विचारू नका. "मेहमान को ऐसा करते हैं क्या?"

ते मग खाली बसले आणि झग्याला धरून हसायला लागले. इतके हसले की मागची रांगही हसायला लागली, कशाला ते माहीत नसताना.

सामना हरलो. साफ हरलो, एक गोल आमचा झाला नाही. संपल्यावर डॉक्टर खलील खाली गेले, विल्फ्रेडला मुखवटा काढायला लावला आणि कुठल्या वर्गात आहेस विचारलं. "रेफ्रिजरेशन, सेकंड इयर, सर." मग ते माधवरावांकडं वळले. माधवरावांनी हात मागं बांधले होते, शिक्षा ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखे.

"बर्फ चालू रखो," डॉक्टर खलील म्हणाले. "लेकिन अगली बार गोलकीपर मत देना."

माधवराव पहिल्यांदा बर्फावर उतरले. पोरांनीच ओढून नेलं. ते पडले, उठले, पुन्हा पडले, जासिमच्या गळ्यात पडून रडले. पाहुणे पाच आणि आमचे सगळे मिळून सुधाच्या चकल्या खात राहिले. मी बाकावर बसून होते. आनंद झाला होता आणि सकाळचा एकटीचा चहाही दिसत होता, दोन्ही एकाच वेळी.

निघायच्या दिवशी माधवरावांनी मला खजुराचं खोकं दिलं आणि वाकून नमस्कार केला. समितीला कुणी काय सांगितलं ते त्यांना अजून माहीत नव्हतं. सुधाला होतं. ती ताट घेऊन शेवटच्या रांगेत उभी होती ना, तिनं मला उठून ओरडताना बघितलं होतं. विमानतळावर नवरा गाडी लावायला गेला तेव्हा म्हणाली, "अक्का, गप्प बसली असतीस तर?"

"तर पुढच्या महिन्यात तू मिरजेत असतीस."

"मग?"

"मग काय? नवरा एवढा वेडा आहे, हे आधी नाही का सांगायचं?"

ती हसली आणि हसता हसता गळ्यात पडून रडायला लागली. मीही रडले. लोक बघत होते, बघू देत.

विमानात एक गोष्ट कळली. त्या माणसाला बर्फापासून तोडून मिरजेत आणून बसवलं असतं, तर माझी बहीण आली असती, पण माधवराव आले नसते. नुसता कुणीतरी आला असता, पेपर वाचत बसणारा, आणि सुधा दिवसभर त्याच्या तोंडाकडं बघत राहिली असती. झल्लाकच्या वाळूत ती हेच सांगत होती. मी थोरली, पण हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

घरी आले. समोरच्या कमळाबाई दारातच होत्या. "एकट्याच? सुधाला आणायला गेला होता ना?"

"गेले होते," मी म्हटलं. "तिला तिथंच ठेवून आले."

जायच्या आधी मी माडीवरची खोली चुना लावून घेतली होती, नवी सतरंजीही टाकली होती. चार दिवस त्या जिन्याकडं फिरकले नाही. आता तिथं शाळेतली नवी शिक्षिका राहते. चांगली मुलगी आहे, संध्याकाळी चहाला खाली येते. तिला आधीच सांगून ठेवलंय, की माझी बहीण आली की खोली रिकामी करावी लागेल.

"कधी येणार आहेत त्या?" ती विचारते.

मी म्हणते, "इंशाल्ला."